तंबोऱ्याची किंमत आणि तंबोऱ्याचे मोल

गायनाचा अभ्यास नेटाने करू लागलेल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी तंबोरा घ्यावयाचा ठरला, म्हणजे नांदेड-लातूरकडील मध्यम स्थितीच्या गृहस्थापुढे एक जुना प्रश्न उभा राहतो. मिरजेच्या दुकानात एकाच लांबीचे व एकाच घाटाचे तीन तंबोरे शेजारी शेजारी उभे असतात. दिसण्यात सख्खी भावंडे, पण किमतींत मोठे अंतर. अगदी स्वस्तातला घ्यावा, तर मुलाचा कान बिघडेल ही भीती. उंची घ्यावा, तर संसाराची शिल्लक एका वाद्यात जाईल ही चिंता. मधला घ्यावा, तर त्यात नेमके काय हाती लागले आणि काय सुटले, हे उलगडून सांगणारा कोणी भेटत नाही. दुकानातील चिठ्ठीवरून याचा उलगडा व्हावयाचा नाही. या वाद्याचा इतिहास आणि ज्या प्रदेशात ते नांदावयाचे त्या प्रदेशाचे हवापाणी, या दोहोंकडे पाहिले असता तो बऱ्याच अंशी होतो.

मिरजेत तंतुवाद्ये होऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. त्यापूर्वी तेथील शिकलगार मंडळी तलवारी, भाले व इतर हत्यारे घडविण्याचा व पाजळण्याचा धंदा करीत. इंग्रजी अंमल स्थिर झाला, संस्थानांच्या फौजा मोडल्या आणि हत्यारांची मागणी ओसरली. अशा वेळी १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी सतार व तंबोरा करण्यास हात घातला, असे परंपरा सांगते. पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारी गवई येत-जात असत. त्यांची वाद्ये दुरुस्त करता करता नवी वाद्ये घडू लागली. पोलादाची धार ओळखणारे हात लाकडाची धून ओळखू लागले. पुढे या घराण्यांचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले आणि गावातील एका आळीस त्यांच्यावरून नाव पडले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीमखाँ मिरजेत स्थायिक झाले, तेव्हा या कारागिरांस एक असा परीक्षक लाभला, की ज्याच्या कानास तंबोऱ्यातील लेशमात्र बेसूरपणाही खपत नसे. खाँसाहेब १९३७ साली निवर्तले. परंतु मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ती तोपर्यंत देशभर पसरली होती.

या वाद्याचे मुख्य अंग जो भोपळा, तो मिरजेत पिकत नाही. पंढरपूर, मंगळवेढे या बाजूस भीमेच्या खोऱ्यात तो होतो. हा भोपळा कडू, खाण्याच्या कामाचा नव्हे; शेतकरी तो केवळ वाद्यासाठी लावतो. वेलीवर पूर्ण पक्व झालेला, जाड सालीचा व चांगल्या घेराचा भोपळा महिनोन्‌महिने सुकवावा लागतो. मग तो कापून, भिजवून व आतून आधार देऊन त्यास हवा तो आकार आणतात. त्यावर तुणीच्या लाकडाचा गळा, पोकळ दांडी आणि समोरची पातळ तबली बसते. वर खुंट्या, खाली घोडी, घोडीच्या पलीकडे सूक्ष्म स्वरमेळासाठी मणी. एवढ्या भागांत ध्वनीस कारण होणारे भाग कोणते आणि डोळ्यांस सुख देणारे कोणते, हे ज्याने ओळखले त्याने निम्मी परीक्षा जिंकली.

लातूर व नांदेड या गावांचा मिरजेशी संबंध सारखा नव्हता. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी रुळांची छोटी आगगाडी १८९७ साली बार्शीपर्यंत सुरू झाली, १९०६ साली पंढरपुरास, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस पोहोचली. म्हणजे ज्या रुळांवरून पंढरपूरकडचा भोपळा मिरजेस जाई, त्याच रुळांवरून त्याचा तंबोरा होऊन तो लातुरास येऊ शके. वाटेत रुळांचे माप बदलत नसे. नांदेडचे तसे नव्हते. मिरज ते पुणे मीटर मापाची गाडी, पुण्याहून दौंडमार्गे मनमाडपर्यंत मोठ्या मापाची, आणि मनमाडहून नांदेडपर्यंत निजामाच्या रेल्वेची पुन्हा मीटर मापाची. दोनदा माल उतरवून दोनदा चढवावयाचा. भोपळ्यासारख्या ठिसूळ वस्तूस हमालाच्या खांद्यावरील एक आपट पुरेशी होती.

शिवाय ही दोन्ही गावे त्या काळी हैदराबाद संस्थानात होती. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते आणि नाणे निराळे होते. मिरजेतील किंमत कलदार रुपयांत सांगितली जाई. मराठवाड्यातील गृहस्थाच्या हातात हाली शिक्का असे. १०० कलदार रुपयांस सुमारे ११६ हाली रुपये मोजावे लागत. त्यामुळे तोच तंबोरा नांदेडच्या दिवाणखान्यात आला, म्हणजे त्याच्या किमतीचा आकडा आपोआप फुगलेला असे. भाडे, जकात आणि नाण्याचा भाव या तिन्हींनी किंमत वाढविली. स्वर मात्र तसूभरही वाढविला नाही. संस्थान १९४८ साली भारतात सामील झाले आणि पुढे नाके व निराळे नाणे ही दोन्ही गेली. तथापि किमतीच्या आकड्यात वाद्याच्या गुणाशी संबंध नसलेले पुष्कळ काही मिसळलेले असते, हा त्या काळचा धडा आजही लागू आहे.

रुळांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट हवेची. मिरज कृष्णाकाठी, तेथील हवा मराठवाड्याच्या मानाने सौम्य. लातूर व नांदेड येथे वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवेतील ओलावा जणू नाहीसा होतो. ही भूमी किती कोरडी पडू शकते हे साऱ्या देशाने १२ एप्रिल २०१६ रोजी पाहिले. त्या दिवशी मिरजेहून पाण्याने भरलेल्या दहा वाघिणींची गाडी ५ लाख लिटर पाणी घेऊन लातुरास आली. ज्या घरात पिण्याच्या पाण्याची ही दशा, त्या घरातील लाकडाची दशा काय होत असेल? नीट न मुरलेले लाकूड अशा उन्हाळ्यात आकसते. खुंट्या सैल होऊन निसटतात, दांडीस बाक येतो, सांधे उकलतात, तबलीस चीर जाते. पावसाळा येताच तेच लाकूड फुगते आणि खुंट्या हलेनाशा होतात. सबब मराठवाड्यातील ग्राहकाच्या दृष्टीने वाद्याचा पहिला गुण म्हणजे लाकडाची व भोपळ्याची मुरवण. स्वस्त तंबोऱ्यात पहिली काटकसर होते ती येथेच. कारण लाकूड मुरविणे म्हणजे भांडवल वर्षानुवर्षे पडवीत अडकवून ठेवणे. मध्यम किमतीत हा काळ विकत मिळतो. त्याच्या पुढे दुप्पट पैसे दिल्याने लाकूड त्या प्रमाणात दुप्पट कोरडे होत नाही.

दुसरा गुण जवारीचा. तंबोऱ्याची घोडी सतारीप्रमाणेच रुंद व किंचित उतरती असते. तार तिच्या कडेवर न टेकता पृष्ठभागावर निसटती टेकते आणि तारेखाली सरकविलेल्या सुताच्या धाग्याने तो स्पर्श नेमका साधला जातो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर निबंध प्रसिद्ध करून या योजनेतील शास्त्र उघड केले. साधी तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू येतो, ते उपस्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत. तंबोऱ्यात मात्र तेही स्पष्ट ऐकू येतात. कारण घोडीच्या त्या वक्र पृष्ठावर तार क्षणोक्षणी आदळते व सुटते. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार ऐकू येतो तो या घडणीमुळे. आता लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की ही सारी करामत कानशीच्या काही हलक्या हातांवर अवलंबून असते. जवारी काढणे हे कुशल कारागिराचे काम आहे आणि त्याची मजुरी उंची तंबोऱ्याच्या किमतीच्या मानाने अल्प असते. उत्तम जवारीचा मध्यम तंबोरा, जवारी बसलेल्या उंची तंबोऱ्यापेक्षा निःसंशय सरस वाजतो. तारांनी घोडीवर चरे पडत जातात. म्हणून हे काम एकदा करून संपत नाही, काही काळाने पुन्हा करावे लागते.

मग उंची तंबोऱ्यात अधिक पैसे जातात कोठे? किमतीचे चार वाटे कल्पावेत: सामान व त्याची मुरवण हा पहिला, स्वरास उपयोगी पडणारी हातकारागिरी हा दुसरा, नक्षी व शोभा हा तिसरा आणि कारागिराचे नाव हा चौथा. स्वस्तातून मध्यमाकडे जाताना वाढलेली रक्कम मुख्यतः पहिल्या दोन वाट्यांत पडते, आणि तीच तेथे सर्वांत अधिक फळ देते. मध्यमातून उंचीकडे जाताना ती बहुतांशी तिसऱ्या व चौथ्या वाट्यांकडे वळते. गळ्याजवळची कोरीव पाने, दांडीच्या कडेची नक्षी, आरशासारखे पॉलिश यांत दिवसच्या दिवस जातात. ती कला आहे, परंतु ती डोळ्यांची कला आहे. पूर्वी नक्षीस व घोडीस हस्तिदंत वापरीत. वन्यजीवांच्या रक्षणासाठी १९७२ सालचा कायदा व त्यातील पुढील दुरुस्त्या आल्यानंतर हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. तरी मिरजेचे तंबोरे त्यामुळे मुके झाले नाहीत.

येथे उंची वाद्यावर अन्याय होता कामा नये. मैफलीच्या गवयास एकाच जातीचे, एकमेकांत मिसळून जाणारे जोडीचे दोन तंबोरे लागतात. अशी जोड निवडण्यास अनेक भोपळे व अनेक फळ्या बाजूस साराव्या लागतात, आणि त्या निवडीचे दाम रास्त असते. पुरुषी आवाजाच्या खालच्या पट्टीस मोठ्या घेराचा भोपळा व लांब दांडी लागते. त्यासाठी अधिक द्यावे लागले तर तेही योग्यच. सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जो गुंजारव पोहोचावयाचा, तो घरातील अभ्यासास लागतोच असे मात्र नाही.

वाद्याचे मोल त्याच्या कामावरून ठरते, याची साक्ष नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खेडी पूर्वापार देत आली आहेत. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस भूमीस टेकवीत नाहीत. एका वीणेकऱ्याच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्या वीणेत नाजूक उपस्वर शोधण्यास कोणी बसत नाही. ती वजनास हलकी असावी, पहाटेच्या पहाऱ्यास खांदा दुखू नये आणि शेकडो हातांतून गेली तरी तिचे सांधे टिकावे, एवढीच अपेक्षा. नांदेडास सचखंड श्री हुजूर साहिब येथील कीर्तनात वाद्य हे शब्दाचे सेवक असते. नांदेडातच पं. अण्णासाहेब गुंजकरांनी शिष्य तयार केले आणि त्यांचे शिष्य पं. नाथराव नेरळकर यांना २०१४ सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. गायकीच्या अशा तालमीस तंबोऱ्याची निराळी कसोटी लागते. एकाच गावात तीन कामे व तीन मापे. एकच वाद्य तिन्ही ठिकाणी ‘उत्तम’ ठरणार नाही.

हाच वाद सातासमुद्रापलीकडे विजेवर चालणाऱ्या गिटारीच्या बाबतीत झाला आहे, आणि आता गिटार मराठवाड्यातील घरांतूनही आल्यामुळे तो येथेही अनोळखी राहिलेला नाही. अमेरिकेत लिओ फेंडर या गृहस्थाने १९५० साली भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. हा मनुष्य स्वतः वादक नव्हता. यंत्रे दुरुस्त करणारा होता. गिटारीची मान त्याने सरसाने न चिकटविता स्क्रूंनी बसविली, ती अशासाठी की कारखान्यात काम झटपट व्हावे आणि मोडल्यास मान बदलता यावी. १९५४ साली त्याच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीची किंमत २४९ डॉलर ५० सेंट होती. गिब्सन कंपनीच्या १९५२ सालच्या लेस पॉल गिटारीची २१० डॉलर. गिब्सनने १९५८ ते १९६० या काळात याच गिटारीच्या ज्या पिवळ्या-तांबूस छटेच्या प्रती केल्या, त्या दीड हजारांच्या आसपास होत्या आणि खप नाही म्हणून तो घाट बंद करण्यात आला. त्याच गिटारी आज लाखो डॉलरांस जातात. साठ-सत्तर वर्षांत त्या लाकडाने नवा सूर शिकला असे नव्हे. दुर्मिळतेने व नामवंत वादकांच्या स्पर्शाने तिचे दाम वाढविले.

पुढे जपानी कारखाने तशाच गिटारी कमी किमतीत करू लागले. १९७७ साली गिब्सनच्या मालकांनी एका जपानी मालाच्या अमेरिकेतील विक्रेत्यांवर दावा लावला, तो गिटारीच्या शिराच्या आकारावरून, सुरावरून नव्हे. १९८२ साली खुद्द फेंडर कंपनीनेच जपानात गिटारी करविण्यास आरंभ केला आणि कमी किमतीच्या मालास ‘स्क्वायर’ हे नाव दिले. आज लाकूड कापण्याचे काम संगणकाने चालणारी यंत्रे करतात. त्यामुळे मध्यम गिटारीची मान व अंग उंची गिटारीइतकेच नेमके कापलेले असते. फरक उरतो तो पडद्यांच्या कडा घासण्यात, खुंट्यांच्या घट्टपणात, तारेचे कंपन विजेत उतरविणाऱ्या चुंबकी भागांत, लाकडाच्या निवडीत आणि नावात. यांतील पडद्यांची व तारांच्या उंचीची दुरुस्ती चांगला कारागीर थोड्या मजुरीत करून देतो. तंबोऱ्यास जी जवारी, तीच गिटारीस ही बैठक.

उंची वाद्याची कीर्ती कानावर किती अंमल करते, याचा प्रत्यक्ष प्रयोग २०१० साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे झाला. क्लॉडिया फ्रिट्झ व जोसेफ कर्टिन प्रभृतींनी २१ व्हायोलिनवादकांस एकूण सहा व्हायोलिने वाजवावयास दिली. त्यांत तीन जुनी होती. दोन स्ट्रॅडिव्हेरियसच्या व एक ग्वार्नेरीच्या हातची. तीन नवी होती. डोळ्यांवर काळे चष्मे घातल्याने कोणते वाद्य हाती आहे हे वादकांस दिसत नव्हते. जुन्या तिन्हींची किंमत नव्यांच्या सुमारे शंभरपट. तरी बहुतेकांची पसंती नव्या वाद्याकडे गेली, आणि सर्वांत नापसंत ठरले ते एक स्ट्रॅडिव्हेरियसच. एका प्रयोगाने तीन शतकांची कीर्ती खोटी ठरत नाही; परंतु किंमत ठाऊक असलेला कान निःपक्षपाती राहत नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

आता स्वस्ताईचे दुसरे टोक पाहिले पाहिजे. तंबोऱ्याऐवजी पेटीवर भागविण्याची चाल घरोघर पडली. पेटीचे स्वर ठाम बांधलेले, तिला मींड साधत नाही, या आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ पासून शिथिल झाली. १९७९ साली बंगळूरचे जी. राज नारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा तयार केला. तो न फुटतो, न उतरतो. उन्हाळ्यात त्याच्या खुंट्या निसटत नाहीत. नांदेडच्या वैशाखात आणि प्रवासात त्याची सोय नाकारता येत नाही. परंतु तंबोरा स्वतः जुळविताना विद्यार्थ्याचा कान जो तयार होतो, ते शिक्षण या पेटाऱ्यात नाही. दोन तारा एकमेकींत मिळून जाण्याचा क्षण ज्याने स्वतःच्या बोटांनी शोधला, त्याचा षड्ज निराळाच लागतो. म्हणून अगदी स्वस्त, दर घटकेस उतरणारा तंबोरा जसा घातक, तसाच कधीच न उतरणारा यांत्रिक तंबोराही एकट्याने अपुरा.

या प्रश्नात केवळ ग्राहकाचेच हित गुंतलेले नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. नावाचे रक्षण त्यामुळे होईल. परंतु कारागिराच्या मुलाने बापाची कानस हाती धरावी की नाही, हे घरी येणाऱ्या मजुरीवरून ठरणार. मूठभर उंची तंबोऱ्यांवर एवढा धंदा तगणे कठीण आणि अगदी स्वस्त मालावर तर कसब तगतच नाही. तो तगावयाचा तर मध्यम किमतीच्या चांगल्या वाद्यांवर आणि त्यांच्या नियमित दुरुस्तीवर. अशा वाद्यांचे ग्राहक म्हणजे लातूर, नांदेड, परभणी अशा गावांतील शिक्षक, कारकून, वैद्य, वकील यांची घरे. त्यांनी नक्षीस भुलून कर्ज काढले किंवा स्वस्तास भुलून फसगत करून घेतली, तर दोन्ही वेळा नुकसान कसबाचेच होते.

तेव्हा तंबोरा पारखताना नक्षीकडे पाठ करून बसावे. लाकूड किती वर्षांचे, हे आधी विचारावे. भोपळ्यावर बोट वाजवून त्याची साल सर्वत्र सारखी बोलते की नाही ते पाहावे. दांडी डोळ्यांच्या रेषेत धरून तिचा बाक तपासावा. खुंटी एकदा पिळली की जागेवर राहते की नाही ते बघावे. मग तारा जुळवून डोळे मिटावे आणि खर्जाच्या तारेतून गांधार आपण होऊन उमटतो का, ते स्वस्थपणे ऐकावे. तो उमटला, तर वाद्य मध्यम किमतीचे असले तरी विद्यार्थ्याची दहा-पंधरा वर्षांची तालीम त्यावर निर्वेध होईल. उंची तंबोऱ्यापायी जी जादा रक्कम गेली असती, तिच्यातील थोडा भाग दर दोन-तीन वर्षांनी जवारीसाठी राखून ठेवावा. त्या पैशांत मुलाचा षड्जही शाबूत राहतो आणि मिरजेच्या त्या आळीतील कानसही चालू राहते.